लंडन १९९० : ओझोन करारातील निधीचा प्रश्न आणि हवामान वाटाघाटींचा इतिहास

प्रस्तावना

हवामान बदलावर तातडीने कृती करण्याची गरज जेव्हा जेव्हा मांडली जाते, तेव्हा ओझोनच्या थराचे उदाहरण हमखास दिले जाते. शास्त्रज्ञांनी धोका सांगितला, अंटार्क्टिकावर ओझोनचे छिद्र आढळले, राष्ट्रे एकत्र आली, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल येथे करार झाला आणि संकट टळले, असा त्या कथेचा सारांश असतो. त्यातून काढला जाणारा निष्कर्षही ठरलेला असतो. राजकीय इच्छाशक्ती असेल तर जागतिक प्रश्न सुटतात. हवामान बदलाच्या बाबतीत ती कमी पडली, एवढेच.

ही कथा खोटी नाही, पण ती अपुरी आहे. मॉन्ट्रियल येथे स्वाक्षऱ्या झाल्या तेव्हा त्यांत चीन आणि भारत या जगातील सर्वाधिक लोकसंख्येच्या दोन देशांच्या स्वाक्षऱ्या नव्हत्या. हे दोन देश बाहेर राहिले असते, तर श्रीमंत राष्ट्रांनी केलेली घट काही दशकांत निरर्थक ठरली असती. करार खऱ्या अर्थाने जागतिक झाला तो तीन वर्षांनी, जून १९९० मध्ये लंडन येथे. आणि तो तसा झाला याचे कारण तेथे खर्च कोणी करावयाचा या प्रश्नाला उत्तर मिळाले. हवामानाच्या वाटाघाटींना असे लंडन कधी लाभले नाही. ते लाभू नये, याची तरतूद लंडनमध्येच एका छोट्या वाक्याने करून ठेवली गेली होती. प्रस्तुत निबंधात त्या वाक्याच्या मागचा आणि पुढचा इतिहास पाहावयाचा आहे.

ज्ञान आणि करार यांतील अंतर

हवामान बदलाचे ज्ञान उशिरा झाले म्हणून कृतीला उशीर झाला, हा समज प्रथम दूर करावयास हवा. कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषून घेतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांतून दाखविले. त्याआधी तीन वर्षे अमेरिकेतील युनिस फूट यांनी याच दिशेचे निरीक्षण नोंदविले होते. १८९६ मध्ये स्वीडनचे स्वान्ते अऱ्हेनियस यांनी वातावरणातील या वायूचे प्रमाण दुप्पट झाल्यास तापमान किती वाढेल याचे गणित मांडले. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या ब्रिटिश अभियंत्याने ही तापमानवाढ प्रत्यक्षात सुरू झाल्याचे प्रतिपादन केले. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरील मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये तेथील वार्षिक सरासरी ४२४ भागांच्या वर गेली. १९७९ मध्ये ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी समितीने कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान दीड ते साडेचार अंश सेल्सियसने वाढेल असा अंदाज दिला.

ओझोनच्या बाबतीत हा क्रम पुष्कळच आखूड आहे. १९२८ च्या सुमारास थॉमस मिजली यांनी शीतकपाटांसाठी क्लोरोफ्लुरोकार्बन अर्थात सीएफसी हे वायू शोधले. त्यापूर्वी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू वापरले जात आणि गळती झाल्यास माणसे दगावत. नवा वायू जळत नव्हता, विषारी नव्हता आणि कशाशीही अभिक्रिया करीत नव्हता. त्याचा हा गुणच पुढे दोष ठरला. खालच्या वातावरणात न विघटणारा हा वायू वर जातो, तेथे अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातून मुक्त झालेला क्लोरीन ओझोनचा नाश करतो, असे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी जून १९७४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडले. दुसऱ्याच वर्षी मद्रास प्रांतात जन्मलेल्या वीरभद्रन रामनाथन यांनी सीएफसी हे अत्यंत प्रभावी हरितगृह वायूही आहेत, हे 'सायन्स'मधील लेखात दाखवून दिले. म्हणजे ओझोन आणि हवामान हे दोन प्रश्न १९७५ पासूनच एकमेकांत गुंतलेले होते. राजनैतिक व्यवहारात मात्र ते वेगळ्या दालनांत, वेगळ्या खात्यांकडून आणि वेगळ्या नियमांनी हाताळले गेले.

येथे कालगणनेतील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मोलिना-रोलंड यांच्या लेखापासून मॉन्ट्रियल करारापर्यंत तेरा वर्षे लागली. चार्नी समितीच्या अहवालापासून रिओ येथील हवामान करारापर्यंतही तेराच वर्षे लागली. करार होण्यास लागलेल्या वेळात दोहोंत फरक नाही. फरक आहे तो करारांत काय लिहिले गेले यात.

मॉन्ट्रियल : अपुऱ्या पुराव्यावरचा निर्णय

सीएफसी उत्पादकांनी सुरुवातीस प्रतिकार केला. १९७८ मध्ये अमेरिकेने फवाऱ्याच्या डब्यांतील सीएफसीच्या बहुतेक वापरावर बंदी घातली. पण शीतकरण, फोम आणि इलेक्ट्रॉनिक उद्योगांतील वापर वाढतच राहिला. मार्च १९८५ मध्ये व्हिएन्ना येथे एक सर्वसाधारण करार झाला. त्यात अभ्यास आणि सहकार्य होते, मर्यादा नव्हत्या. दोनच महिन्यांनी जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकातील हॅली बे येथील नोंदी प्रसिद्ध केल्या. तेथील वसंत ऋतूतील ओझोन जवळजवळ एक तृतीयांशाने घटला होता.

छिद्र दिसले म्हणून करार झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. वाटाघाटी करणाऱ्यांची प्रत्यक्ष स्थिती वेगळी होती. छिद्राचे कारण सीएफसीच आहे हे तेव्हा सिद्ध झालेले नव्हते आणि संगणकीय प्रारूपांनी ते छिद्र वर्तविलेलेही नव्हते. म्हणून वाटाघाटींत अंटार्क्टिकाचा पुरावा जाणीवपूर्वक बाजूला ठेवण्यात आला. योगायोग असा की, १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे स्वाक्षऱ्या होत असतानाच चिलीतील पुन्ता अरेनास येथून उडालेले संशोधन विमान अंटार्क्टिकावर जी मोजणी करीत होते, ती पुढे या प्रश्नातील निर्णायक पुरावा मानली गेली : क्लोरीन मोनॉक्साइड वाढतो तेथेच ओझोन घटतो. करार आधी झाला, पुरावा नंतर जमिनीवर उतरला. पूर्ण खात्री होईपर्यंत थांबावे, असे म्हणणारे तेव्हाही होते. अमेरिकेचे तत्कालीन अंतर्गत व्यवहार मंत्री डोनाल्ड होडेल यांनी करारापेक्षा टोप्या आणि काळे चष्मे वापरण्याचा पर्याय सुचविल्याची बातमी १९८७ मध्ये गाजली होती.

मूळ करारातील घट फारशी कडक नव्हती. १९८६ च्या पातळीवर वापर गोठवावयाचा आणि १९९८-९९ पर्यंत तो निम्म्यावर आणावयाचा, एवढेच ठरले. मात्र त्यात तीन तरतुदी अशा होत्या की ज्यांचे महत्त्व पुढे कळले. पहिली, सदस्य नसलेल्या देशांशी या पदार्थांचा व्यापार बंद करण्याची. दुसरी, नवा पुरावा आल्यास पुन्हा अनुसमर्थनाची वाट न पाहता दोन तृतीयांश बहुमताने मर्यादा कडक करण्याची. तिसरी, पाचव्या अनुच्छेदातील : ज्या विकसनशील देशांचा दरडोई वापर वर्षाला ०.३ किलोग्रॅमपेक्षा कमी आहे, त्यांना दहा वर्षांची सवलत.

ही तिसरी तरतूद वरवर उदार होती. दिल्लीहून पाहता तिचे रूप निराळे दिसत होते. जगातील सीएफसीचा चार-पंचमांशांहून अधिक वापर औद्योगिक राष्ट्रांत होत होता. भारताचा दरडोई वापर ०.३ किलोच्या मर्यादेच्या कितीतरी खाली होता. येथील मध्यमवर्गीय घरांत शीतकपाट नुकते कोठे येऊ लागले होते. सीएफसीचे देशी उत्पादनही नवेच होते. दहा वर्षांनंतर हे सारे बंद करून पर्यायी वायू व त्यांचे तंत्रज्ञान विकत घ्यावे लागणार होते आणि त्यांची स्वामित्व-पत्रे मूळ सीएफसी बनविणाऱ्या मोजक्याच बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हाती जाणार हे उघड होते. ज्यांनी हानी केली त्यांनाच उपायाच्या विक्रीतून नफा, आणि ज्यांनी केली नाही त्यांच्यावर खर्च, असा हा हिशेब होता. भारत मॉन्ट्रियलपासून दूर राहिला तो या हिशेबामुळे.

लंडनमधील सौदा

मार्च १९८८ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांच्या ओझोन पथकाने उत्तर गोलार्धातही घट होत असल्याचे जाहीर केले आणि काही दिवसांतच ड्यू पाँ कंपनीने सीएफसीचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबविण्याची घोषणा केली. निम्मी घट पुरेशी नाही हे आता उद्योगालाही मान्य होते. स्वतः रसायनशास्त्राच्या पदवीधर असलेल्या ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मार्च १९८९ मध्ये लंडन येथे परिषद बोलाविली. त्यांना अधिक देशांचा सहभाग हवा होता. परिषदेत पुढे आला तो पैशाचा प्रश्न. चीनच्या प्रतिनिधींनी आंतरराष्ट्रीय निधीची मागणी केली. भारताचे पर्यावरण मंत्री झियाउर रहमान अन्सारी यांनी प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, या पाश्चात्त्य देशांतच रूढ झालेल्या तत्त्वाची आठवण करून दिली. ही मदत नव्हे, देणे आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

पुढील पंधरा महिने संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख, इजिप्तचे मुस्तफा तोल्बा यांनी ही वाटाघाट पुढे रेटली. सर्वांत मोठा अडथळा वॉशिंग्टनमध्ये होता. १९९० च्या उन्हाळ्यात अमेरिकी प्रशासनाने नव्या निधीस विरोध जाहीर केला. रक्कम हे त्याचे कारण नव्हते. अमेरिकेच्या वाट्याला येणारी रक्कम तिच्या अर्थसंकल्पात नगण्य होती. भीती पायंड्याची होती. आज ओझोनसाठी असा निधी मान्य केला, तर उद्या हवामान बदलासाठी तोच न्याय लावला जाईल आणि तेथील आकडे कितीतरी मोठे असतील. देशांतर्गत टीका, युरोपचा दबाव आणि खुद्द अमेरिकी उद्योगाची करार टिकविण्याची इच्छा यांमुळे जूनच्या मध्यास हा विरोध मागे घेण्यात आला.

जून १९९० च्या अखेरच्या आठवड्यात लंडन येथे सदस्य राष्ट्रांची दुसरी बैठक झाली. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मंत्रिमंडळातील पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी भारताची भूमिका स्पष्ट ठेवली : निधी आणि तंत्रज्ञान हस्तांतरण यांची हमी नसेल तर भारत करारात येणार नाही. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी या भूमिकेस अडवणूक म्हटले. वस्तुतः भारताने ओझोनच्या विज्ञानावर शंका घेतली नव्हती आणि उद्दिष्टासही विरोध केला नव्हता. तो केवळ किंमत कोणी चुकवावी हे विचारीत होता, आणि आपल्या प्रवेशाला मोल आहे हे ओळखून विचारीत होता.

सौदा झाला तो शब्दांतही दिसतो आणि आकड्यांतही. सुधारित पाचव्या अनुच्छेदात असे नमूद झाले की, विकसनशील राष्ट्रांची बंधने पाळण्याची क्षमता ही आर्थिक सहकार्य आणि तंत्रज्ञान हस्तांतरण यांच्या प्रभावी अंमलबजावणीवर अवलंबून राहील. आंतरराष्ट्रीय कायद्यात गरीब राष्ट्राचे कर्तव्य श्रीमंत राष्ट्राच्या कर्तव्याशी इतक्या थेट रीतीने क्वचितच जोडले गेले असेल. १९९१ ते १९९३ या काळासाठी १६ कोटी डॉलरांचा बहुपक्षीय निधी ठरला. भारत व चीन सहभागी झाल्यास त्यात आणखी ८ कोटींची भर घालण्याचे ठरले. निधीची कार्यकारी समिती सात विकसित आणि सात विकसनशील राष्ट्रांची. निर्णयास दोन तृतीयांश बहुमत हवे आणि दोन्ही गटांत स्वतंत्रपणेही बहुमत हवे. जागतिक बँकेत ज्याचे भांडवल अधिक त्याची मते अधिक. येथे देणारा आणि घेणारा एका मेजाभोवती समान संख्येने बसले. त्याच बैठकीत सीएफसी २००० सालापर्यंत पूर्णतः बंद करण्याचे ठरले. निम्म्या घटीवरून संपूर्ण बंदीपर्यंतची ही झेप आणि निधीची स्थापना एकाच बैठकीत झाली, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.

याच दुरुस्तीच्या दहाव्या अनुच्छेदाच्या शेवटी मात्र एक परिच्छेद आहे. त्याचा आशय असा की, ही आर्थिक व्यवस्था अन्य पर्यावरणीय प्रश्नांसंबंधी भविष्यात होणाऱ्या व्यवस्थांच्या आड येणार नाही. भाषा निरुपद्रवी वाटते. पण अमेरिकेच्या आग्रहाने आलेल्या या वाक्याचा रोख कोठे होता, याविषयी त्या दालनात कोणाच्याही मनात शंका नव्हती. हवामानाच्या वाटाघाटी सुरू होण्यास तेव्हा जेमतेम सात महिने उरले होते.

भारतातील अंमलबजावणी

भारत जून १९९२ मध्ये मॉन्ट्रियल कराराचा सदस्य झाला. पर्यावरण मंत्रालयात ओझोन कक्ष स्थापन झाला. १९९९ मध्ये निधीने भारतातील सीएफसी उत्पादन २०१० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी ८ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले. २००० मध्ये ओझोनचा नाश करणाऱ्या पदार्थांविषयीचे नियम लागू झाले. मुदतीच्या आधीच, ऑगस्ट २००८ मध्ये उत्पादन थांबले. अपवाद राहिला तो दम्याच्या रुग्णांसाठीच्या फवाऱ्यांचा. मुंबईच्या सिप्लासह या क्षेत्रातील कंपन्यांनी पुढील काही वर्षांत तोही वायू बदलला.

या कथेतील सर्वांत कमी लिहिला गेलेला भाग कारखान्यांच्या बाहेरचा आहे. शीतकपाटात वायू भरणारा मेकॅनिक हा या साखळीचा शेवटचा दुवा होता. जुना वायू सर्रास हवेत सोडून नवा भरण्याची पद्धत गावोगावी रूढ होती. निधीच्या साहाय्याने अशा हजारो कारागिरांना वायू परत गोळा करण्याचे आणि पर्यायी वायू हाताळण्याचे प्रशिक्षण मिळाले. आंतरराष्ट्रीय करार दुकानाच्या पायरीपर्यंत पोहोचावयाचा तर असा खर्च कोणाला तरी करावा लागतो.

दोषही कमी नव्हते. चोरटा व्यापार झाला. सीएफसीच्या जागी आलेले एचसीएफसी आणि एचएफसी हे वायू ओझोनला कमी किंवा अजिबात अपायकारक नसले तरी तीव्र हरितगृह वायू निघाले. हायड्रोकार्बनचा पर्याय १९९० च्या दशकाच्या आरंभीच जर्मनीत यशस्वी झाला होता. पण त्यावर कोणाचे स्वामित्व नसल्याने मोठ्या रसायन कंपन्यांना त्यात रस नव्हता. भारतात गोदरेज कंपनीने प्रोपेनवर चालणारे वातानुकूलन यंत्र २०१२ मध्ये बाजारात आणले, तोवर बरीच वर्षे गेली होती. २०१८ मध्ये बंदी असलेला सीएफसी-११ पुन्हा वाढत असल्याचे मोजणीत आढळले आणि त्याचा बराचसा उगम पूर्व चीनमध्ये असल्याचे पुढील वर्षी स्पष्ट झाले. त्यानंतर ते उत्सर्जन घटले. करार निर्दोष नव्हता, पण त्यातील चूक मोजता येत होती आणि दुरुस्तही करता येत होती. २०२२ च्या शास्त्रीय आढाव्यानुसार अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल.

भाताची शेते आणि रिओ

हवामानाच्या वाटाघाटी लंडनचा धडा घेऊन सुरू व्हावयास हरकत नव्हती. डिसेंबर १९८८ मध्ये माल्टाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हवामान हा मानवजातीच्या समान चिंतेचा विषय असल्याचा ठराव केला होता. जबाबदारीचे वाटप मात्र सुरुवातीपासूनच वादग्रस्त ठरले. १९९० मध्ये वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने देशवार उत्सर्जनाची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात भारत व ब्राझील पहिल्या पाचांत होते. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी 'ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड' या पुस्तिकेत या गणितावर आक्षेप घेतला. पृथ्वीची वायू शोषून घेण्याची क्षमता ही सर्व माणसांची समान ठेव आहे; ती लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली तर भारत आपल्या वाट्याच्या कितीतरी आत आहे. शिवाय भाताच्या खाचरांतून आणि गुरांच्या पोटातून निघणारा मिथेन आणि मोटारींतून निघणारा कार्बन यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे जगण्याची गरज आणि चैन यांतील भेद पुसणे होय, असे त्यांचे म्हणणे होते.

हा केवळ नैतिक युक्तिवाद नव्हता. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने भारतातील भातशेतीचे मिथेन उत्सर्जन वर्षाला सुमारे ३७ दशलक्ष टन धरले होते. १९९१ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे आशेष प्रसाद मित्रा यांच्या नेतृत्वाखाली देशभरातील शेतांत प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा हा आकडा सुमारे ४ दशलक्ष टन निघाला. आंतरराष्ट्रीय राजकारणात मोजण्याची साधने कोणाच्या हाती आहेत, यावर दोष कोणाच्या माथी जातो हे किती अवलंबून असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

१९९२ च्या रिओ करारात समान परंतु विभेदित जबाबदारीचे तत्त्व आले. विकसनशील राष्ट्रांची अंमलबजावणी आर्थिक साहाय्यावर अवलंबून राहील, हे लंडनचे वाक्यही जवळजवळ तसेच आले. आला नाही तो लंडनचा आकडा, आणि आली नाही ती सात-सातची समिती. निधीची जबाबदारी जागतिक बँकेच्या छायेत जन्मलेल्या जागतिक पर्यावरण सुविधेकडे गेली आणि उत्सर्जनावर बंधनकारक मर्यादाही ठरल्या नाहीत. सीएफसी मूठभर कारखान्यांत बनत होते आणि त्यांना पर्याय होते. कोळसा आणि तेल यांवर साऱ्या जगाचे जीवन उभे होते. हा फरक मान्य केलाच पाहिजे. पण प्रश्न जितका मोठा तितकी वाटपाची व्यवस्था भक्कम हवी होती; झाले नेमके उलटे.

क्योटो आणि जाळलेला वायू

डिसेंबर १९९७ च्या क्योटो करारात औद्योगिक राष्ट्रांनी २००८ ते २०१२ या काळात उत्सर्जन १९९० च्या तुलनेत सरासरी सुमारे पाच टक्क्यांनी कमी करण्याचे मान्य केले. त्याआधीच, जुलै १९९७ मध्ये, विकसनशील राष्ट्रांवर बंधने नसलेला करार स्वीकारू नये, असा ठराव अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध शून्य मतांनी केला होता. २००१ मध्ये अमेरिका बाहेर पडली. फेब्रुवारी २००५ मध्ये करार अमलात आला, तोवर लंडनमध्ये टाळलेला पायंडा बाजाराच्या रूपाने परत आला होता.

क्योटोच्या स्वच्छ विकास यंत्रणेनुसार विकसनशील देशातील प्रकल्पाने उत्सर्जन कमी केल्यास त्याला कार्बन क्रेडिट मिळत. पहिल्या लाभार्थींत गुजरात व राजस्थानातील शीतक वायूंचे कारखाने होते. एचसीएफसी-२२ बनविताना एचएफसी-२३ हा उपवायू निघतो. तेव्हाच्या हिशेबानुसार त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांइतका तापमानवाढीस कारणीभूत ठरे. तो जाळून टाकण्यास फारसा खर्च येत नसे, क्रेडिटची किंमत मात्र प्रचंड. २००७ मध्ये 'नेचर'मधील लेखात मायकेल वारा यांनी दाखविले की, असे वायू जाळण्याची व्यवस्था थेट पैसे देऊन केली असती तर सुमारे १० कोटी युरोंत झाली असती. बाजारामार्फत तिच्यासाठी ४ अब्जांहून अधिक युरो मोजले जाणार होते. मुख्य वायूपेक्षा टाकाऊ वायूच अधिक किफायतशीर झाला. २०१३ पासून युरोपने अशी क्रेडिट स्वीकारणे बंद केले. ज्या तऱ्हेच्या कारखान्यांना लंडनच्या निधीने उत्पादन थांबविण्यासाठी मोजून पैसे दिले, त्याच तऱ्हेच्या कारखान्यांना क्योटोच्या बाजाराने उत्पादन चालू ठेवण्याचे आमिष दाखविले. निधी आणि बाजार यांतील हा फरक अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जावा असा आहे.

याच सुमारास, २००७ मध्ये, नेदरलँड्सचे गुस व्हेल्डर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडला. ओझोन वाचविण्यासाठी केलेल्या मॉन्ट्रियल कराराने हवामानाचे जेवढे रक्षण केले, ते क्योटोच्या पहिल्या टप्प्यातील उद्दिष्टापेक्षा कितीतरी अधिक होते. हवामानाचा सर्वांत परिणामकारक करार हवामानाचा नव्हताच.

किगाली आणि बाकू

२००९ मध्ये कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे आश्वासन दिले. त्यांच्याच संघटनेच्या हिशेबानुसार ते प्रथम पूर्ण झाले २०२२ मध्ये, आणि त्यातही कर्जाचा भाग मोठा होता. २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक राष्ट्राने आपले उद्दिष्ट आपण ठरवावे, अशी पद्धत आली. अमेरिका त्यातून २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने पुन्हा माघारीची घोषणा केली.

या दोन प्रवाहांची गाठ पुन्हा पडली ती ऑक्टोबर २०१६ मध्ये रुवांडातील किगाली येथे. एचएफसी वायू ओझोनचा नाश करीत नसतानाही त्यांना मॉन्ट्रियल कराराच्या कक्षेत आणण्यास भारताने दीर्घकाळ विरोध केला होता. हा हवामानाचा प्रश्न आहे, तो हवामान करारातच सोडवावा, असे त्याचे म्हणणे होते. विरोधामागील काळजी खरी होती. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात थंडावा ही चैन उरलेली नाही. २०१५ च्या उष्णतेच्या लाटेत देशात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांतील बहुतेक आंध्र प्रदेश आणि तेलंगणातील होती. थंडाव्याची गरज वाढत असताना शीतक वायू महाग होणे भारताला परवडणारे नव्हते. अखेर अनिल माधव दवे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय शिष्टमंडळाने वेगळे वेळापत्रक मिळविले : २०२४ ते २०२६ ही आधारवर्षे, २०२८ मध्ये गोठवणूक आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के घट. त्याच बैठकीच्या काळात भारताने आपल्या कारखान्यांना एचएफसी-२३ स्वखर्चाने जाळण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२१ मध्ये भारताने किगाली दुरुस्तीस अनुसमर्थन दिले. निधी जुनाच होता, समिती जुनीच होती, म्हणून नव्या वायूसाठी नवी भांडणे तुलनेने कमी झाली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अझरबैजानची राजधानी बाकू येथे हवामान परिषदेने २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरांचे नवे उद्दिष्ट ठरविले. विकसनशील राष्ट्रांची मागणी १३०० अब्जांची होती. अध्यक्षांनी हातोडा आपटून निर्णय जाहीर केल्यानंतर भारतीय प्रतिनिधींनी उठून तो अमान्य असल्याचे नोंदविले. निर्णय तसाच राहिला. त्याआधी वर्षभर, ऑक्टोबर २०२३ मध्ये, नैरोबी येथे मॉन्ट्रियल कराराच्या सदस्यांनी २०२४ ते २०२६ साठी बहुपक्षीय निधीत ९६ कोटी ५० लाख डॉलरांची भरपाई मंजूर केली होती. त्या बैठकीची बातमी फारशी कोणी छापली नाही.